सात पानांची फांदी

"फूल म्हणजे काय हो, शेवटी एक कर्मचारीच!" अधीक्षक म्हणाले, आणि समोर बसलेल्या मुख्याध्यापिकाबाईंचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "काम समजावून सांगायचं, मुदत द्यायची आणि लक्ष ठेवायचं. येत नाही म्हणजे काय? येतंच!"

अधीक्षकांची तेहतीस वर्षं सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत गेली होती. कोणाला बढती, कोणाची बदली, कोणाच्या नावापुढे लाल शेरा, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गल्ली त्यांना 'अधीक्षक'च म्हणायची, कारण त्यांनीही गल्लीकडे शाखा म्हणूनच बघणं सोडलं नव्हतं. त्यांची बायको शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची, म्हणून सगळ्या जगाच्या 'बाई'. त्या बाई आता तीन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. निरोपाला भेट काय द्यायची, हे विचारायला बिचाऱ्या मुख्याध्यापिका आल्या होत्या.

"गुच्छ-बिच्छ काही आणू नका," अधीक्षकांनी निकाल दिला. "त्या दिवशी हिच्या हातात आमच्या बागेतला गुलाब असेल. साधासुधा नाही, हायब्रीड टी! लांब दांडा, त्यावर एकच फूल. ताठ, डौलदार! छत्तीस वर्षं संसार केलाय हिनं माझ्याबरोबर."

"छत्तीस वर्षांत एक फूल आणलं नाहीत!" आतून आवाज आला.

"म्हणून तर उगवून देतोय!"

मुख्याध्यापिकाबाईंना गहिवरून आलं. गहिवराच्या भरात त्यांनी ते कार्यक्रमपत्रिकेत छापूनच टाकलं. पाचवा कार्यक्रम: 'स्वहस्ते फुलवलेल्या गुलाबाची भेट.' अधीक्षक आयुष्यात वरिष्ठांना घाबरले नव्हते, पण छापील मजकुराला घाबरत. आता माघार नव्हती.

आता 'आमची बाग' या शब्दांबद्दल थोडं सांगायला हवं. तळमजल्याच्या खिडकीखाली सहा पावलं लांब आणि तीन पावलं रुंद असा एक तुकडा होता. त्यात पाण्याचा मीटर होता, मोडकी सायकल होती आणि वरच्या मजल्यावरून पडणारे कपड्यांचे चिमटे होते. अधीक्षकांनी सायकल भंगारात दिली, चिमटे वरच्या वकिलांना पोच घेऊन परत केले आणि नर्सरीतून गुलाबाचं एक रोप आणलं. रोपाला तीन काड्या होत्या. नर्सरीवाला काहीतरी सांगू लागला, "साहेब, खालच्या गाठीकडे जरा लक्ष..." पण अधीक्षकांनी त्याला हातानंच थांबवलं. "माणसं हाताळलीत मी. रोपाचं काय घेऊन बसलास?"

मोठ्या कुंडीत रोप लागलं. शेजारी एक वही आली. तिन्ही फांद्यांना क्रमांक मिळाले आणि रोज सकाळी सातला पट्टी लावून प्रत्येकीची उंची नोंदवली जाऊ लागली. पहिला पंधरवडा तिघींनीही काही केलं नाही. अधीक्षकांनी वहीत लिहिलं, 'प्रगती असमाधानकारक. समज देण्यात आली.'

"समज कशी दिलीत?" बाईंनी विचारलं.

"बोललो त्यांच्याशी."

"काय म्हणाल्या?"

"उर्मट आहेत. गप्प बसतात!"

आणि मग एके दिवशी चमत्कार झाला. मातीला लागूनच, अगदी बुडातून, एक चौथी फांदी वर आली. कोणी बोलावलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं, आपण होऊन कामावर हजर! आठवड्यात ती गुडघ्याएवढी झाली. दुसऱ्या आठवड्यात कमरेला लागली. अधीक्षकांना तर आपल्याच तरुणपणाची आठवण झाली.

"बघ, बघ हिच्याकडे! बाकीच्यांच्या डहाळीला पाच-पाच पानं, हिच्या डहाळीला सात! वरती काटे किती! शिस्तीची आहे."

"मला जरा रानटी वाटते हो," बाई म्हणाल्या.

"कर्तबगार माणूस सुरुवातीला तसाच वाटतो!"

चौथीला तत्काळ बढती मिळाली. तिला आधाराला बांबू, तिला खताचा जादा हप्ता, तिला उन्हाची जागा. आता एवढं सगळं एकीला द्यायचं तर कुठूनतरी काटकसर करायलाच हवी. अधीक्षकांनी नवी कोरी कात्री आणली आणि क्रमांक एक व दोन यांना सेवेतून कमी केलं. तिसरीवर कात्री टेकली तेवढ्यात बाई आडव्या आल्या.

"राहू द्या ना ती बारकी! हळू शिकते बिचारी. माझ्या वर्गात दरवर्षी असतात अशी चार-पाच."

"तुझ्या वर्गात नापास करत नाहीत म्हणून!"

पण बाई हलल्या नाहीत. वहीत नोंद झाली, 'क्रमांक तीन. शेवटची संधी. शिफारशीवरून.'

दीड महिना झाला. चौथी फांदी खिडकी ओलांडून वर गेली. तिला गजांना बांधलं, तर खिडकी लागेना. पेपरवाला फाटकातूनच पेपर भिरकावू लागला, कारण त्याच्या शर्टाच्या दोन बाह्या तिनं जमा करून घेतल्या होत्या. आणि एका सकाळी वरून आरोळी आली.

"अधीक्षक! तुमच्या झाडानं माझा कोट धरलाय!"

वरचे वकील बाल्कनीत उभे होते. त्यांनी हवेला टांगलेला काळा कोट फांदीनं अशा आवेशानं मिठीत घेतला होता, की जणू वर्षानुवर्षांनी भेट झाली!

"ओढू नका!" अधीक्षक खालून ओरडले. "फांदीला इजा होईल!"

"फांदीला? मला अकराला न्यायालयात उभं राहायचंय!"

"दुसरा कोट घाला!"

"दुसरा तिनं परवाच फाडला!"

त्या दिवशी वकील नुसत्या सदऱ्यावर न्यायालयात गेले आणि, ते स्वतःच सांगत, गेल्या चार महिन्यांतला पहिला खटला जिंकले. तेवढ्यावरच प्रकरण मिटलं. पण अधीक्षकांची काळजी मात्र वेगळीच होती. पट्टी संपली, शिडी लागली, फांदी साडेनऊ फूट झाली. पण कळी? एकसुद्धा नाही! निरोपाला बरोबर पाच आठवडे राहिले होते, आणि कार्यक्रमपत्रिका गावभर वाटून झाली होती.

शेवटी अधीक्षक नर्सरीवाल्याला हाताला धरून घेऊन आले. नर्सरीवाल्यानं फांदी वरपर्यंत न्याहाळली, कौतुकानं मान डोलवली, मग खाली बसून कुंडीतली माती बोटानं उकरली.

"साहेब, ही तर खुंटाची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे रानगुलाबाचं मूळ घेतो आम्ही, आणि त्यावर तुमच्या भारी गुलाबाचा डोळा बांधतो, म्हणजे कलम करतो. ही बघा गाठ. गाठीच्या वरून येईल ते तुमचं. खालून येईल ते रान. सात पानं दिसली की समजायचं." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "वरच्या तीन होत्या ना? त्या कुठायत?"

अधीक्षकांनी कुंडीच्या कडेवरची माती झटकली. मग घसा साफ करून म्हणाले, "दोघींना... कमी केलं."

"आणि खत कोणाला घातलं?"

"हिला."

"सगळं?"

"जादा हप्त्यासह."

नर्सरीवाला सज्जन माणूस. तो हसला नाही. नुसता भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला. मग परत खाली बसला, आणि त्याला वीतभर उंचीची ती बारकी तिसरी फांदी दिसली. तिच्या टोकाला लालसर, कोवळी पालवी फुटली होती.

"ही आहे! हीच! पाच आठवडे म्हणताय? थोडं इकडंतिकडं होईल, पण येईल. ही मोठी आजच काढावी लागेल."

"पण ती... साडेनऊ फूट आहे रे!"

"म्हणूनच."

अधीक्षकांनी तेहतीस वर्षांत पुष्कळ बडतर्फीचे कागद काढले होते, पण कोणाला काढताना त्यांचे डोळे भरून आलेले कोणी पाहिले नव्हते. फांदी कापायची नाही, बुडातून उपटायची, असं नर्सरीवाल्यानं बजावलं. तो खाली ओढू लागला, वर वकील बाल्कनीतून शेंडा सोडवू लागले.

"सोडू का?"

"थांबा! मी बाजूला..." अधीक्षक म्हणाले.

वकिलांना 'थांबा' ऐकू आलं नाही. साडेनऊ फूट कर्तबगारी अधीक्षकांच्या अंगावर कोसळली! तिला त्यांच्यापासून वेगळं करायला तिघेजण आणि पाऊण तास लागला. बाई कापसानं औषध लावत होत्या, आणि ओठ घट्ट मिटून होत्या.

"हस, हस. एकदाचं हसून घे."

"नाही हो," बाई म्हणाल्या, आणि मग इतक्या हसल्या की औषधाची बाटली सांडली.

पुढचे पाच आठवडे अधीक्षकांनी वही कपाटात टाकली. पट्टी नाही, समज नाही. पाणी घालायचे आणि लांब जाऊन बसायचे. माव्याची कीड पडली तर बोटानं हलकेच पुसायचे. चौथ्या आठवड्यात फांदीच्या टोकाला वाटाण्याएवढी कळी आली. अधीक्षकांनी कोणाला सांगितलं नाही. दृष्ट लागेल म्हणून नव्हे, स्वतःच्या तोंडाचा भरवसा उरला नव्हता.

निरोपाचा दिवस उजाडला. कळी सुपारीएवढी झाली होती, पण गच्च मिटलेली. हिरव्या आवरणातून लाल रंगाची एक बारीक रेघ, बस्स! अधीक्षकांनी अख्खी कुंडी टॅक्सीत घातली, मांडीवर धरली आणि सबंध रस्ता ड्रायव्हरला ब्रेक मारू दिला नाही.

पाचवा कार्यक्रम पुकारला गेला. घामाघूम अधीक्षक कुंडी घेऊन मंचावर चढले. सभागृहानं माना उंचावल्या. फूल नव्हतंच!

"माफ करा," अधीक्षक बाईंकडे बघून हळूच म्हणाले. "मुदतीत काम झालं नाही. चूक माझी आहे. तिची नाही."

मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं. बाईंनी मात्र कुंडी जवळ ओढली आणि माईक हातात घेतला.

"मी चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला," त्या म्हणाल्या. "दर जूनमध्ये अशाच चाळीस मिटलेल्या कळ्या मिळायच्या. काही तर सहामाहीपर्यंत तोंडसुद्धा उघडायच्या नाहीत. कोणाला ओढून उघडावं असं मला कधी वाटलं नाही. ही भेट मला आवडली. आता ही माझी."

टाळ्या पडल्या. अधीक्षकांनी चष्मा पुसला आणि डोळ्यात धूळ गेल्याचं शेजारच्या खुर्चीला सांगितलं.

कुंडी घरी परत आली. आता अधीक्षकांची एकच इच्छा उरली होती, फूल उमलताना डोळ्यांनी पाहायचं. खुर्ची टाकून ते आठ दिवस समोर बसले. जेवण तिथं, पेपर तिथं. वकील वरून दर तासाला विचारायचे, "काही हालचाल?" नवव्या दिवशी बाईंनी तंबी दिली, "निदान दाढी तरी करा, झाड घाबरेल." अधीक्षक आत गेले. अर्ध्या गालाला साबण लागला होता तेवढ्यात बाहेर वकिलांचा "वा!" ऐकू आला. ते तसेच, साबणासकट धावले.

लांब दांड्यावर एकच फूल, गडद लाल, पाकळ्यांच्या कडा किंचित मागे वळलेल्या. शेजारच्या खुर्चीत बाई गालाला हात लावून बसल्या होत्या.

"उमललं? तू... तू उमलताना पाहिलंस?"

"पाहिलं."

"सगळं?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"अगं, मग मला हाक नाही का मारायची?"

बाईंनी फुलावरून नजर काढली नाही.

"मारणार होते. पण म्हटलं, तुम्ही आलात की त्याला सूचना द्यायला लागाल."