फुईचं धड

रुपाच्या घरात काहीही ठरवायचं असलं की तिचे वडील हेमराजभाऊ आधी घसा खाकरत, मग मिशीवरून हात फिरवत आणि शेवटी म्हणत, "ताईले विचारी दखूत." ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण नर्मदाबाई, रुपाची फुई. तिला म्हसावदातल्या म्हसावदातच दिलेलं. सासर आणि माहेर यांच्यात एक पिठाची गिरणी काय ती, त्यामुळे दोन्ही घरांचा कारभार बाई चालता-बोलता पाहत, त्यातही चालणं कमी आणि बोलणं फार. गावात हेमराजभाऊंच्या शब्दाला वजन होतं, पण ताई बोलायला लागली की त्यांची मान आपोआप ताटात जाई.

अशा घरातून रुपा शहाद्याला कम्युनिटी कॉलेजात डिजिटल मीडियाचा दोन वर्षांचा कोर्स करत होती. भाऊंना तो कोर्स मुळातच पटला नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ तर गावात जो तो काढतो, त्यासाठी रोज एसटीने जायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षाची परीक्षा म्हणजे एका कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण होतं. तेवढं घरच्या टीव्हीवर बघायला ते तयार झाले.

"दखासारखं ऱ्हायनं ते दुसरं वरीस कर," ते म्हणाले, "नही ते मामाना कृषी केंद्रमा बठ."

खतांच्या गोण्यांमध्ये बसून बिलं फाडायची रुपाची मुळीच तयारी नव्हती. मग तिने डोकं चालवलं. वडिलांना जिंकायचं तर आधी फुईला जिंकायला हवं. फुईच्या गुडघ्यांनी तिची केदारनाथची यात्रा कायमची रद्द केली होती आणि त्याचं दुःख ती सगळ्या गावाला वाटून देत असे. फुईला तिच्या भजनी मंडळासकट केदारनाथला उभं करायचं, असं रुपाने ठरवलं. त्यात अवघड काही नव्हतं. माणसांच्या मागे हिरवा पडदा लावायचा, कॉम्प्युटर तो हिरवा रंग पुसतो आणि त्या जागी म्हणाल तो देव, म्हणाल तो डोंगर आणून ठेवतो.

हे तिने फोनवर फुईला समजावलं. पण फुईला फोनवर ऐकायची सवय नव्हती, बोलायची होती. रुपा म्हणाली, "मागे हिरवं लागतं, फुई. हिरव्याशिवाय केदारनाथ दिसत नाही." त्यातलं 'हिरवं लागतं' एवढंच पलीकडे पोहोचलं.

परीक्षेच्या दिवशी मंडळाची जीप वाटेत पंक्चर झाली आणि पाचही बाया अगदी ऐन वेळेला कॉलेजात आल्या. धूळ लागू नये म्हणून प्रत्येकीने आपापल्या सुनेचा सनकोट अंगात घातला होता. रुपाने घाईघाईने त्यांना पडद्यापुढे बसवलं. तिचा परीक्षेतला जोडीदार नवनीत शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर होता. परीक्षक गिरासे मॅडम कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. तिकडे म्हसावदला भाऊंच्या ओसरीत अर्धी गल्ली टीव्हीपुढे जमली होती.

लाल दिवा लागला. फुईने डोळ्यांनी खूण केली आणि पाचही जणींनी एकदम सनकोट काढले.

आतमध्ये हिरवीगार जरीकाठी साडी, एकसारखी, पाचजणींची. रुपाने साड्यांकडे पाहिलं, मग मागच्या हिरव्या पडद्याकडे.

"तूच सांगेल व्हतं ना," फुई अभिमानाने कुजबुजली, "बठ्ठं हिरवं पाहिजे." आणि तिने टाळ उचलले.

त्या क्षणी केदारनाथच्या बर्फावर पाच डोकी अधांतरी भजन म्हणत होती. खाली जरीचे काठ वाळत घातल्यासारखे लोंबत होते, टाळ धरलेले हात आपले आपण वाजवत होते आणि मंडळातल्या रंजनाबाईंची ढोलकी कुणाच्याही मांडीवर नसताना घुमत होती. भजन मात्र सुरेख चाललं होतं, हे मान्य केलं पाहिजे.

रुपाचा फोन नवनीतकडे होता. तो वाजला. नवनीतने उचलला तर पलीकडे हेमराजभाऊ.

"मन्ही बहीणनं धड कोठे गयं?"

नवनीतने एकदा कॉम्प्युटरकडे पाहिलं. तो म्हणाला, "भाऊ, धड आठेच शे, फक्त दिखी नही ऱ्हायनं." धड इथेच आहे पण दिसत नाही, हे ऐकून भाऊंनी फोन ठेवला, आणि हे लक्षण नवनीतला बरं वाटलं नाही. तो धावत दारात आला आणि हातवारे करू लागला. आधी त्याने गळ्यावरून बोट फिरवलं, मग खालचा सगळा भाग नाही असं दाखवलं. रुपाला ते न सांगता कळलं होतं.

पडदा काढावा तर मागे कॉलेजची तुटकी बाकडी, आणि केदारनाथही गेला. दोन भजनांच्या मध्ये तिने फुईला सनकोट परत घालायची विनंती केली. देवाच्या दारात सुनेचा सनकोट घालून बसायला मी काय स्कूटरवर आले का, असं फुईने विचारलं, तेही माइकसमोर. ते म्हसावदला सगळ्यांनी ऐकलं.

आता पाच बायांच्या अंगावर दुसरा रंग घालायचा, आणि तोही त्यांनी हौसेने घालून घ्यायला हवा. रुपाने भिंतीकडे पाहिलं. तिथे कॉलेजचं कपाट होतं, आणि कपाटात पाहुण्यांच्या सत्काराच्या शाली होत्या. आपल्याकडे माणूस कशालाही नाही म्हणेल, सत्काराला म्हणत नाही.

रुपा माइक घेऊन पुढे झाली आणि म्हणाली, "आता आपल्या कॉलेजतर्फे म्हसावदच्या भजनी मंडळाचा केदारनाथ इथे सत्कार होत आहे." गिरासे मॅडमनी भुवया चढवल्या. हे आधी ठरलं होतं का, असं त्यांनी हळूच विचारलं. रुपा म्हणाली, "हो मॅडम." दुसरं काय म्हणणार? मॅडमना स्वतः उठून शाली घालाव्या लागल्या.

लाल शाल पडली आणि फुईला खांदे फुटले. मग मरून, मग जांभळी, मग पिवळी. एकेक बाई बर्फात साकार होऊ लागली. ओसरीत लोक टाळ्या वाजवू लागले म्हणे. राहिल्या रंजनाबाई. कपाटात शेवटची शाल होती ती पोपटी. मॅडमनी ती मोठ्या मानाने घातली आणि रंजनाबाई होत्या तेवढ्याही राहिल्या नाहीत. मग रुपाने त्यांची ढोलकी बाजूला घेऊन हातात नारळ दिला. कार्यक्रम संपेपर्यंत रंजनाबाई म्हणजे एक हसरं डोकं आणि त्याखाली तरंगता नारळ, एवढ्याच होत्या.

मॅडमनी शेरा दिला: प्रसंगावधान उत्तम, पूर्वतयारी शून्य, उत्तीर्ण.

पण खरी परीक्षा घरी होती. संध्याकाळी रुपा घरी आली तेव्हा फुई लाल शाल पांघरून ओसरीत बसली होती. गरमीने घामाघूम, पण शाल काढायचं नाव नाही. केदारनाथला थंडी कशी ती गल्लीला सांगत होती. मधूनच तिने रुपाला बजावलं, "पुढला खेपे द्वारका. आम्ही हिरवंच नेसीसन येसूत. हिरवं नेसं का शाल भेटस."

भाऊंनी रुपाला खुणेने गोठ्याकडे बोलावलं. ती घाबरतच गेली. भाऊंच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर सत्काराच्या आधीचा, नुसत्या डोक्यांचा भाग चालू होता. कितव्यांदा ते देव जाणे, हसून हसून त्यांचे डोळे लाल झाले होते. रुपाने वडिलांना असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं, तिलाही हसू फुटलं.

मग त्यांनी ओसरीकडे एक नजर टाकली. फुईचा आवाज गोठ्यापर्यंत खणखणीत येत होता. भाऊंनी घसा खाकरला, मिशीवरून हात फिरवला, पण ताईला विचारून बघू असं या वेळी म्हणाले नाहीत.

"तुन्हा बटनवरी ताईनं आंग जास आनि तोंड ऱ्हास," ते अगदी हळू म्हणाले. "आंग ऱ्हाई आनि तोंड जाई, असं बटन शे का?"

रुपाने हसू आवरलं.

"शे ना," ती म्हणाली. "दुसरा वरीसले शिकाडतस."

"मंग दुसरं वरीस कर," भाऊ म्हणाले आणि मान खाली घालून जेवायला गेले.