भाड्यानं दिलेली गाणी

देवरावभाऊ स्वतःलाच पत्रं पाठवतात, तीही इतकी वर्षं रजिस्टर्ड. सौंसरच्या पोस्टात खिडकीमागे मी बसतो, म्हणून हे मला ठाऊक. पाठवणारे तेच, घेणारे तेच, आणि घर पोस्टापासून तीन गल्ल्यांवर. आलेलं पाकीट ते फोडत नाहीत, पेटीत ठेवून देतात.

आत गाणं असतं. भाऊ गाणी लिहून पोट भरतात. लग्नातली वरवधूच्या नावांची, संत्र्याच्या व्यापाऱ्याची, निवडणुकीतली. एकदा तर समोरासमोरच्या दोन उमेदवारांना त्यांनी एकाच चालीवर गाणी दिली आणि दोघेही खूश झाले. गाणं झालं की आधी पोस्ट, मग गिऱ्हाईक. तारखेचा शिक्का बसला की कायद्यानं ते आपलं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. रजिस्टर्ड बंद होऊन सगळं स्पीड पोस्टात गेलं तेव्हा ते खरोखर दुखावले. "माह्या गाण्याले एवढी घाई नाही, बाबूजी," म्हणाले.

त्यांचं दुसरं तत्त्व म्हणजे, "गाणं भाड्यानं देतो, इकत नाही." रामाकोन्याच्या एकानं थोरलीच्या लग्नातलं गाणं नाव बदलून धाकटीच्या लग्नात वाजवलं. भाऊ न बोलावता मांडवात हजर. भांडले नाहीत. पंगतीत दुप्पट जेवले आणि भाडं पोचलं असं यजमानाला सांगून आले. मला याचं फार कौतुक वाटतं. सरकारी नोकरीत असून हक्काची रजा मागताना माझी बोबडी वळते.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पेटीतलं, वावरात बायकांच्या तोंडी असलेलं कापूस वेचणीचं एक जुनं गाणं यूट्यूबवर निघालं. नागपूरचा गायक, आणि गीतकार म्हणूनही त्याचंच नाव. भाऊ दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या गाण्याचं पाकीट घेऊन मीच त्यांना पांढुर्ण्याला वकिलाकडे नेलं.

वकील म्हणाले, पाकिटावर फार भिस्त ठेवू नका, हक्क शिक्क्यानं मिळत नाही, गाणं लिहिलं की आपोआप मिळतो. इतक्या वर्षांची तिकिटं वाया गेली, हे ऐकून भाऊंचं तोंड पाहण्यासारखं झालं. तरी जुन्या शिक्क्यानं नोटिशीला वजन येईल, असं वकिलांनीच सांगितलं.

नोटीस गेली आणि गायक नरमला. गीतकार म्हणून देवरावांचं नाव टाकतो, वर मोबदलाही देतो, असं त्यानं कळवलं. आम्ही पुन्हा वकिलाकडे गेलो. सही करायची वेळ आली तेव्हा भाऊंनी पेन खाली ठेवलं.

"माहं नाव नोको."

वकील वैतागले. मग भाऊंनी ते पाकीट पहिल्यांदाच फोडलं. कागदावर अक्षर त्यांचं होतं, पण गाण्याखाली नाव होतं अनुसयाचं. अनुसया म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन आठ वर्षं झाली.

"कापूस येचता येचता तिनं जोडलं. तिले लिवता येत नव्हतं. मी त निस्तं लिवून घेतलं."

वकिलांनी मसुद्यातलं नाव बदललं. भाऊंनी त्यांना एवढंच विचारलं, की गाणं करणारा मेल्यावर त्याचा हक्क किती दिवस राहतो.

साठ वर्षं, वकील म्हणाले.

भाऊंनी बोटांवर हिशेब केला आणि माझ्याकडे पाहून हसले.

"मंग अनुसया अजून बावन्न वर्षं आहे, बाबूजी."