ज्यांना ओळखीची गरज नाही

समाज माणसांच्या कामावर चालतो की कामाच्या कौतुकावर, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. मात्र कौतुकाला माइक लागतो, याबद्दल एकमत आहे. माइक आला की शब्द लागतात, आणि रेणापूर तालुक्यात ते शब्द उमाशंकर गुरुजी पुरवत.

गुरुजी शाळेत मराठी शिकवत, पण नाव कमावलं सूत्रसंचालनात. पार अर्धापूरपर्यंत त्यांना बोलावणी येत. दीर्घ अनुभवातून त्यांनी एक वही सिद्ध केली होती: 'गौरवपर शब्दांचा यथायोग्य वापर'. तीत लिहिलं होतं की 'दखल' तोंडी घ्यावी, तिला खुर्ची लागत नाही. 'कदर' मनातल्या मनात करतात, म्हणून ती शिपाई, सफाई कामगार आणि घरची माणसं यांच्यासाठी राखून ठेवावी. 'सत्कार' म्हणजे शाल आणि नारळ (तीच शाल पुढच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या खांद्यावर दिसली, तर आपण पाहिलं असं दाखवू नये). 'गौरव' म्हटला की फोटोग्राफर आला. फोटोत देणाऱ्याचं तोंड कॅमेऱ्याकडे असावं, घेणाऱ्याचं मिळेल तिकडे.

गेल्या वर्षी गुरुजींनी एक्केचाळीस कार्यक्रमांत दोनशे अठरा सत्कार पार पाडले. पैकी दोनशे नऊ व्यासपीठावर बसलेल्यांनी एकमेकांचे केले. वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईत एकच ओळ होती: 'ज्यांना ओळखीची गरज नाही असे.' हा शब्दप्रयोग, पाहुणा मोठा असून त्याचं नाव ऐनवेळी आठवत नसल्यास, वापरायचा होता.

यंदा शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सिंधुबाई ग्यानोबा सोनटक्के बावीस वर्षांनी काम सोडणार होत्या. पोरांच्या, मास्तरांच्या आणि अख्ख्या गावाच्या त्या मावशी. निरोपाचा कार्यक्रम ठरला तशा मावशी गुरुजींकडे आल्या.

"गुर्जी, शालबिल काय नको मला," त्या म्हणाल्या. "माइकवर माझं नाव घ्या. आख्खं, धन्याच्या नावासगट. नात येणार हाय लातूरहून, तनुजा. तिला ऐकू द्या."

"एवढंच ना?"

"एवढंच. घरी धनी 'अगं' म्हणायचे, तुमी समदे मावशी म्हणता. त्याचं वाईट न्हाई. पर एकदा तरी माझं नाव मोठ्यानं ऐकावं वाटतंय. नाव सांगून ठेवू का?"

"मावशी, बावीस वर्षं तुमच्या हातचं खातोय. तुमचं नाव मला सांगायचं?"

मावशी खूश होऊन गेल्या. गुरुजींनी संध्याकाळी भाषण लिहायला घेतलं आणि तिसऱ्याच ओळीत पेन थांबलं. नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

शोधमोहीम शिस्तीत झाली. हजेरीपटात 'स्वयंपाकी क्र. १' आणि पुढे अंगठा. मुख्याध्यापक चंद्रप्पा म्हणाले, "मावशी की. अजून काय असणार?" गुरुजींनी एकूण सात जणांना आडून आडून विचारलं आणि सातही जणांनी एकच उत्तर दिलं (इतकं एकमत या गावात ग्रामसभेलाही कधी झालेलं नाही). मावशींनाच विचारणं हे मिनिटभराचं काम होतं. पण विचारलं असतं तर ते ठाऊक नव्हतं, हे उघड झालं असतं, आणि गुरुजींची इभ्रत त्या मिनिटापेक्षा जुनी होती. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं.

कार्यक्रम दणक्यात झाला. आधी अकरा पाहुण्यांचा सत्कार झाला, प्रत्येकाचं नाव पदवी, पद आणि गावासकट घेऊन. एक पाहुणे आलेच नव्हते, तर त्यांचा सत्कार त्यांच्या ड्रायव्हरने स्वीकारला. गुरुजींनी ड्रायव्हरचंही पूर्ण नाव घेतलं. मग मावशींची पाळी आली. त्या नवं लुगडं नेसून उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत तनुजाने मोबाइल वर धरला.

"आज आपण दखल घेत आहोत, कदर करत आहोत, सन्मान करत आहोत, गौरव करत आहोत," गुरुजींचा आवाज चढत गेला, "ज्यांना ओळखीची गरज नाही, अशा आपल्या सर्वांच्या मावशींचा."

टाळ्या पडल्या. मावशी जागच्या हलल्या नाहीत. नाव अजून यायचं आहे असं समजून त्या थांबल्या होत्या. शेवटी चंद्रप्पांनीच त्यांना शालीपर्यंत नेलं. तनुजाने मोबाइल खाली घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिली.

जेवणाच्या वेळी मावशींनीच गुरुजींना वाढलं. "लई गोड बोललात, गुर्जी. नाव तेवढं ऱ्हायलं. ऱ्हातंय गडबडीत." गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तरी विचारावं असं त्यांना मनापासून वाटलं, पण तोंडात घास होता, आणि तो गिळेपर्यंत मावशी पुढच्या पंगतीत गेल्या.

आता वाचक गुरुजींना नावं ठेवतील. जरूर ठेवावीत. फक्त त्याआधी, नजर वर न नेता, मावशींचं नाव सांगावं. आम्ही ते घेतलं होतं, आख्खं, धन्याच्या नावासकट.