उतारावरची जीप

सर्जेरावांची जीप सुरू करायची तर ती आधी उतारावर असावी लागे. लष्कराच्या लिलावातून आणलेल्या त्या गाडीचा सेल्फ दोन वर्षांपूर्वी गेला होता आणि हॅण्डल मारण्याइतका सर्जेरावांचा खांदा धड राहिला नव्हता. म्हणून ते जीप घरामागच्या उताराच्या वरकस रानात, तोंड खाली करून लावत. हँडब्रेक धरत नसे, तेव्हा पुढच्या चाकाखाली धोंडा ठेवत. सकाळी धोंडा काढला की गाडी पंचवीस-तीस पावलं आपोआप घरंगळे, सर्जेराव गिअर टाकत आणि इंजिन खोकून जागं होई. १९७४ च्या माघापर्यंत या व्यवस्थेत एकदाही चूक झाली नव्हती.

त्याच उताराच्या पायथ्याशी शेजारच्या साळूबाई आपली म्हैस बांधत. नवरा वारल्यापासून घर त्या म्हशीवर चाले. दूध पहिल्या एसटीने भोरच्या हॉटेलात जाई. माघातल्या एका सकाळी म्हशीचा खुंटा सैल झाला. ठोकायला धोंडा हवा होता आणि आसपास हातात मावेल असा एकच होता. साळूबाईंनी तो उचलला, खाली येऊन खुंटा पक्का ठोकला. जीप लगेच हलली नाही. चाक मातीत बोटभर रुतलं होतं, त्यामुळे ती क्षणभर विचारात पडल्यासारखी उभी राहिली, मग निघाली. खुंटा इतका पक्का बसला होता की म्हशीला बाजूला होता आलं नाही. ती दुपारपर्यंत जगली.

हॉटेलवाल्याने दुसरीकडून दूध लावू नये म्हणून सर्जेराव दुसऱ्या दिवसापासून आपल्या गाईचं दूध साळूबाईंच्या चरवीत ओतून येऊ लागले.

तिसऱ्या दिवशी भैरोबाच्या देवळात बैठक बसली. शेजाऱ्यांत असं काही घडलं की दोघांनी एकमेकांना गूळ द्यायचा आणि पुन्हा कुणी कुणाला दोष द्यायचा नाही, अशी गावाची रीत होती. दोघांनी गूळ खाल्ला. सरपंच आनंदरावांनी ‘दोष कोणाचाच नाही’ असा कागद केला, सतरा सह्या घेतल्या. जीपचा विमा होता. गावाचा समजूतदारपणा कंपनीला दिसावा म्हणून सर्जेरावांनी तो कागद भरपाईच्या अर्जाला जोडला. कंपनीचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. दोष कोणाचाच नसल्यास कंपनी काही देणं लागत नाही.

आनंदरावांनी पुन्हा लिहिलं, तेव्हा पुण्याहून पाहणीला एक तरुण साहेब आले. त्यांनी टेप लावून उतार मोजला, खुंटा हलवून पाहिला, तो हलला नाही अशी नोंद केली. मग वहीवर पेन टेकवून साळूबाईंना विचारलं, चूक कुणाची?

“ते कसं सांगू?” साळूबाई म्हणाल्या. “गूळ खाल्लाय म्या.”

साहेबांनी समजावलं, चालकाची चूक असेल तरच म्हशीचे पैसे मिळतात. साळूबाईंनी समजल्यासारखी मान हलवली आणि पदर सारखा केला. सर्जेरावांनी जन्मात चूक कबूल केल्याचं गावाला आठवत नव्हतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“लिवा साहेब. चूक माजी.”

“तुमची कशी, दादा?” साळूबाई दुखावल्या. “धोंडा तर म्या काढला.”

आनंदरावांनी डोळे मिटून घेतले. साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी जीपकडे पाहिलं, धोंड्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “नुसत्या धोंड्यावर उभी केलेली गाडी निष्काळजीपणानेच उभी केलेली असते. धोंडा कुणीही उचलेल.” त्यांनी तसं लिहिलं. मग पान उलटलं. “आता एकच. ही जागा सार्वजनिक आहे का? खासगी रानातल्या अपघाताला हा विमा लागू नाही. लोकांना हक्काने जाता-येता येत असेल, तरच.”

सगळ्यांनी सर्जेरावांकडे पाहिलं. वरच्या वस्तीला भोरच्या रस्त्याला लागायला हे रान जवळचं पडे. वस्तीने अकरा वर्षं मामलेदाराकडे वाटेसाठी अर्ज केले होते आणि अकराही वर्षं सर्जेरावांनी लेखी कळवलं होतं की रान खासगी आहे, जाणारा आपल्या परवानगीनेच जातो. मागच्याच दिवाळीत त्यांनी वरच्या अंगाला काटेरी कुंपण घातलं होतं.

“सर्जेराव,” आनंदराव हळूच म्हणाले, “साहेबांनी इचारलंय.”

सर्जेराव रिकाम्या खुंट्याकडे पाहत होते.

“जात्यात माणसं,” ते म्हणाले.

“परवानगीने?”

“परवानगी कशाला? वाट हाय ती.”

“कधीपासून?”

“माज्या आज्याच्या टायमापासनं.”

आनंदरावांनी हे सावकाश पुन्हा सांगायला लावलं, स्वतः दोन प्रतींत उतरवून घेतलं आणि दोन्हींवर सर्जेरावांचा अंगठा नव्हे, सहीच घेतली. एक प्रत साहेबांनी नेली. दुसरी कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही. ती संध्याकाळच्या एसटीने मामलेदाराकडे गेली.

चैत्रात पैसे आले. साळूबाईंनी भोरच्या बाजारातून म्हैस घेतली, वरच्या वस्तीत भावाला दाखवायला नेऊन एक रात्र तिथेच ठेवली आणि सकाळी दावं धरून खाली निघाल्या. कुंपण निघालं होतं. वस्तीतल्या चार बायका डोक्यावर पाट्या घेऊन त्यांच्या पुढे उतरून गेल्या. सर्जेराव कडेला उभे होते. इतक्या वर्षांच्या सवयीने साळूबाई रानाच्या तोंडाशी थांबल्या.

“दादा, येऊ का हितनं?”

सर्जेरावांनी घाईने चारी बाजूंना पाहिलं.

“इचारू नका, वैनी,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “तुमी इचारलं आन् म्या व्हय म्हणलं, तर कंपनी म्हस माघारी न्हील.”