फक्त पुढे जाणारा ट्रेलर

फोनवर सासऱ्याने विचारलं, "ट्रेलर मागे घेता येतो ना रे तुला?" आणि वेंडेल म्हणाला, "येतो की."

त्या वेळी वेंडेलच्या तोंडात सँडविच होतं. तोंडात घास असला की माणूस लहानात लहान उत्तर देतो, आणि "येतो की" हे "अजिबात येत नाही, उलट भीती वाटते" याच्यापेक्षा पुष्कळच लहान होतं. पुढचा सगळा घोटाळा त्या सँडविचमुळे झाला असं वेंडेलचं आजही प्रामाणिक मत आहे.

सासरा म्हणजे हार्लन. आयुष्यभर गुरांचे ट्रक हाकलेला माणूस. म्हातारपणी तो आयडाहोच्या डोंगरात, एका तळ्याकाठी, ट्रेलरवाल्यांच्या मुक्कामाचा तळ चालवणाऱ्या मोठ्या मुलीकडे राहायला गेला. त्याचा ट्रेलर मात्र नेब्रास्कात वेंडेलच्या अंगणातच राहिला. चाकांवरचं छोटं घरच ते. आत पलंग, शेगडी, मोरी, आणि खिडक्यांना सासूबाईंनी स्वतः शिवलेले पडदे. वेंडेल दिवसभर खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात काउंटरवर उभा असायचा आणि संध्याकाळी त्या ट्रेलरमध्ये जाऊन कॉफी पीत बसायचा. ट्रेलर कुठे जात नव्हता, पण खिडकीतून बाहेर बघताना वेंडेल मात्र बराच लांब जाऊन यायचा.

"तू स्वतः चालवत इथे आण," हार्लन म्हणाला होता. "ओरखडा न पाडता. मग ट्रेलर तुझा. नाही जमलं तर धाकट्या जावयाला देतो. त्याला ट्रक येतो."

ट्रेलर हवा तर होताच. म्हणून वेंडेलने एका रविवारी भल्या सकाळी पिकअपला ट्रेलर जोडला आणि किराणा दुकानाच्या रिकाम्या पटांगणात सराव करायला नेला. स्टिअरिंगचं चाक उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जायचा. डावीकडे फिरवलं की उजवीकडे. (हार्लनचाच ट्रेलर तो, सांगितलेलं थोडाच ऐकणार.) सरळ धरलं तर तो क्षणभर सरळ यायचा आणि मग काहीतरी आठवल्यासारखा मध्येच वळायचा. शेवटी दुकानाच्या ढकलगाड्यांची एक रांग खडखडत रस्त्यापर्यंत गेली. ट्रेलरला ओरखडा आला नाही, एवढं नशीब.

त्या सकाळी वेंडेलने ठरवलं. नेब्रास्का ते आयडाहो आपण फक्त पुढे जायचं. मागे येण्याची वेळच येऊ द्यायची नाही.

निघाल्यावर पहिले काही दिवस हे छान जमलं. ज्या पेट्रोलपंपावर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल, तिथेच तो थांबायचा. मुक्कामाचे तळही तसलेच. पण तळांचं असं असतं, की ओढ्याकाठची, देवदाराखालची, डोंगर दिसणारी प्रत्येक जागा ट्रेलर मागे घेऊनच गाठावी लागते. सरळ आत, सरळ बाहेर अशा जागा हायवेला चिकटून असतात.

"अरे, तो बघ ओढा!" त्याची बायको ट्रूडी वायोमिंगमध्ये म्हणाली. "तिथे जागा रिकामी आहे."

"डास असतात."

"काल ती टेकडीवरची होती, तिथे काय होतं?"

"अस्वलं."

"आणि हे ट्रक रात्रभर उशाशी घुरघुरतात, त्यांचं काय?"

"ते चावत नाहीत," वेंडेल म्हणाला.

आयडाहोत शिरल्यावर मोठा रस्ता दरड कोसळून बंद झालेला. पाटी दाखवत होती त्या जंगलातल्या रस्त्याला लागावं लागलं. रस्ता एका गाडीचाच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल नदी. वेंडेल उताराने जपून खाली येत होता, आणि वळणावर समोरून एक पिकअप चढत आला. त्याच्या मागे वेंडेलच्या ट्रेलरपेक्षा मोठा ट्रेलर.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. समोरून पांढऱ्या मिशीचा एक म्हातारा उतरला. त्याने नाव सांगितलं, एमेट.

"उतरतोयस तू, बाळा," एमेट म्हणाला. "डोंगरातला रिवाज आहे. उतरणाऱ्याने मागे जायचं."

"रिवाज खरा," वेंडेल म्हणाला, "पण तुमच्या मागे तर लगेच रुंद जागा आहे. तुम्हाला सोपं पडेल."

"माझ्या सोयीचं बघू नकोस तू."

"असं कसं? वडीलधारे तुम्ही. आधी मान तुमचा."

"मी मान सोडला."

बराच वेळ दोघं एकमेकांना मान देत राहिले. मग एमेटने मागे वळून बघितलं आणि वेंडेलला दंडाला धरून रस्त्याच्या कडेला नेलं, जणू नदीतले मासे दाखवायचे आहेत.

"खरं सांग लेका," तो कुजबुजला. "येत नाही ना?"

वेंडेलने 'नाही' म्हणून मान हलवली. "तुम्हाला?"

"ॲरिझोनापासून एकदाही मागे आलेलो नाही. तू?"

"नेब्रास्कापासून."

एमेटने त्याचा हात हातात घेऊन दाबला. परदेशात गाववाला भेटावा तसे त्याचे डोळे पाणावले होते.

"आता?" वेंडेलने विचारलं.

"ज्याला येतं असं कुणीतरी येईपर्यंत थांबायचं. बायकांना सांगायचं, ब्रेक तापलेत. मी नेहमी तेच सांगतो."

ट्रूडी आणि एमेटची बायको मार्व्हा एव्हाना सावलीत खुर्च्या टाकून बसल्या होत्या. मार्व्हाच्या हातात विणकाम होतं.

"ब्रेक तापलेत," वेंडेल म्हणाला. "दोघांचेही. थंड होऊ देत."

ट्रूडीने आधी उताराकडे बघितलं, मग चढाकडे. "तुझे तापले असतील, तू उतरतोयस. यांचे कसे तापले? हे तर चढतायत."

एमेट मिशी कुरवाळू लागला.

"माझे... लवकर तापतात," एमेट म्हणाला.

"हो ना," मार्व्हा म्हणाली. "परवा तर उभ्या गाडीत तापले होते."

तिने विणकाम खुर्चीवर ठेवलं, पिकअपमध्ये बसली, एकदा आरशात बघितलं, आणि दुधाला जाऊन यावं तितक्या सहज तो लांबलचक ट्रेलर वळणामागे, रुंद जागेत नेऊन उभा केला. एमेट आ वासून बघत राहिला.

"तुला येतं?"

"वडिलांची होडी ट्रेलरवर घालून, मागे मागे घेत, तळ्यात मीच उतरवायचे."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"चाक कधी सोडलंस हातातून?"

वेंडेल घाईघाईने निघाला. रुंद जागा मागे पडली तशी ट्रूडी त्याच्याकडे वळली. मग तिने विचारलं, "तुला तरी येतं ना रे?"

"येतं की," वेंडेल म्हणाला. या वेळी तोंडात सँडविच नव्हतं.

तळ्याकाठी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. तळावर नवा माणूस ट्रेलर कसा मागे घेतो हे बघणं हीच संध्याकाळची करमणूक असते. सगळं सासर घडीच्या खुर्च्या मांडून बसलं होतं. मधोमध हार्लन, शेजारी धाकटा जावई. समोर दोन देवदारांच्या मध्ये रिकामी जागा होती. ट्रेलर तिच्यात बसेल, पण ओरखड्याला जागा उरणार नाही, इतकी अरुंद.

ट्रूडी उतरून मागे गेली आणि हात वर करून उभी राहिली. आरशात ती लहानशी दिसत होती. "ये, ये!" ती ओरडली. तिचा विश्वास होता. नेमकं तेच वेंडेलला सोसेना.

मागे घेतलं तर ओरखडा. खरं सांगितलं तर नाचक्की. ट्रेलर दोन्हीकडून गेलाच होता. त्याने इंजिन बंद केलं, उतरला आणि खुर्च्यांसमोर जाऊन उभा राहिला.

"मला मागे घेता येत नाही," तो मोठ्याने म्हणाला. "कधीच येत नव्हतं. खोटं बोललो."

आयुष्यात इतकं धैर्य त्याने कधी एकवटलं नव्हतं.

"माहीत आहे," हार्लन म्हणाला.

"कसं?"

"तुझ्या लग्नात चर्चबाहेर तू साधी गाडी मागे घेत होतास. केक कापून झाला तरी घेतच होतास."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ट्रूडी मागून आली. "बोललास एकदाचा," म्हणाली, आणि तिने त्याचा हात धरला.

"मग ही जागा?" वेंडेलने विचारलं.

"ही धाकट्याची. तुझी ती तिकडे." हार्लनने संडासाशेजारची जागा दाखवली. सरळ आत, सरळ बाहेर.

"आणि ट्रेलर?"

"तुझाच. ओरखडा कुठे आहे?"

त्या रात्री वेंडेल स्वतःच्या ट्रेलरमध्ये राजासारखा झोपला. सकाळी जाग आली ती पलंग एका बाजूला कलल्यामुळे. बाहेर येऊन बघतो तर हार्लन आणि धाकटा जावई जॅक लावून बसलेले. दोन चाकं गवतात आडवी पडली होती.

"हे काय चाललंय?"

"तुझीच सोय, जावईबापू," हार्लन म्हणाला. "विटांवर बसवतोय, कायमचा. दर उन्हाळ्यात या, राहा. मागे घेता येत नाही म्हणालास ना? आता पुढेही घ्यायला नको. हे चाकांचे नट धर. हरवू नकोस."

वेंडेलने ओंजळ पुढे केली. पुढे करणं त्याला जमत होतं.