दोन दफ्तरे एक फेरिस्त झाली त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, कानी आले तितके लिहिले आहे. उणे राहिले ते लिहिणाराचे. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, माघ मास. ते समयी राज्यात दफ्तरे दोन होती. बारा वर्षांच्या आतले कागद खाली चालू दफ्तरी आणि त्यापूर्वीचे गडावर जुन्या दफ्तरी, आणि दोहोंची फेरिस्त, म्हणजे कागदांची यादी, वेगळाली. रिवाज ऐसा की चालू यादीत कागद सापडला तर गड चढू नये.

त्या साली मल्हारी नावाड्याची विधवा सगुणाबाई सदरेस आली आणि बोलली की कांबळघाटची होडी आमची, ती चालविणारा बहिरजी सोडीत नाही. दिवाणजींनी चालू यादी पाहविली. तीन कागद निघाले, तिन्ही बहिरजीस दिलेले, आणि तिन्हींत मजकूर एकच, 'मागीलप्रमाणे होडी चालवणे.' मग दिवाणजी निवाडा सांगणार, तोच बाई म्हणाली, "सरकार, मागील म्हणजे कुठवर मागील?"

सदर हसली. फेरिस्तनवीस नागोपंत हसले नाहीत. हाच प्रश्न वीस वर्षे त्यांचे मनात होता आणि विचारण्याची छाती झाली नव्हती. त्यांनी हळूच म्हटले की जुनी यादीही पाहावी. दिवाणजी म्हणाले, "मोठ्याने बोला, पंत. कागदांची झोप मोडत नाही." आणि सूर्यास्तापर्यंत मुदत दिली, न जमल्यास होडी बहिरजीची.

मग पंत स्वतः गड चढले आणि जुन्या यादीत चार कागद काढून धापा टाकीत उतरले. प्रथम चालू वर आणि जुने खाली ऐसे मांडले, तो काही उमगेना. मग सातही मित्तीवार, म्हणजे तारखेच्या क्रमाने, लाविले, आणि एक कागद दोन्ही याद्यांत आढळला, तो एकदाच धरिला. सहा राहिले, आणि 'मागील' पायरी पायरीने मागे जाऊन पहिल्या कागदाशी थांबले. तो पंतांनी सदरेत खणखणीत वाचिला: 'मल्हारी आरमारात चाकरीस जातो. तो अथवा त्याचे माणूस परत मागेपर्यंत बहिरजीने होडी सांभाळावी.'

बहिरजीने मान खाली घातली. म्हणाला, "कागदावरची निशाणी माझीच. विसरलो नव्हतो, पंत. कुणी विचारलं नाही." आणि वल्हे बाईपुढे ठेविले.

दिवाणजींनी हुकूम केला की पुढे दोन्ही याद्या एकदमच पाहाव्या आणि मित्तीवार एक करून सदरेस आणाव्या. दुसरे दिवशी नगारा झाला, दोन्ही तीरांवर माणूस मावेना, आणि सगुणाबाईने पहिल्या खेपेस नागोपंतांस बसवून पार नेले.

येणेप्रमाणे होडी धनिणीस पावली, दोन दफ्तरांची एक फेरिस्त झाली, आणि पंतांस हळू बोला म्हणून सांगण्याची पाळी दिवाणजींवर आली.