गायकवाडकाकांचं उडतं खेचर

आमच्या खराडीच्या कंपनीत मालवाहू विमानाच्या मागून कुणी जायचं नाही, असा दंडक आहे. या विमानात माणूस बसत नाही. ते फौजेच्या डोंगरावरच्या चौक्यांना रसद पोचवणार आहे. मागून गेलं तर काय होईल?

"लाथ घालेल," गायकवाडकाका सांगतात.

काका विश्रांतवाडीचे, निवृत्त सुभेदार. अख्खी नोकरी फौजेच्या खेचरांबरोबर गेली. लष्करी अधिकाऱ्यांपुढे एखादी मिशी असावी, म्हणून आमच्या कंपनीच्या साहेबांनी त्यांना सल्लागार नेमलं. मिशीबरोबर काका आले, हे नंतर लक्षात आलं.

ड्रोन हा शब्द ते उच्चारत नाहीत. "खेचर बाहेर काढा," म्हणतात. उडण्याआधी त्याला थोपटतात. उतरलं की दमलंय म्हणून कुणाला हात लावू देत नाहीत. सॉफ्टवेअर बिघडलं, तर "जनावर आहे, मूड असतो."

आमची टीम लीड ऋचा सदाशिव पेठेतली. ती एकदा म्हणाली, "काका, हरभरे भिजत घालू का?"

"घाला. तुमच्या कोडपेक्षा उपयोगी पडतील."

पेठेला कुणी गप्प केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग अधिकाऱ्यांसमोर डोंगरात चाचणी ठरली. जमली तर ऑर्डर, नाही तर आम्ही सगळे नोकरी शोधायला मोकळे. विमान वाळूची पोती घेऊन झकास उडालं, वळताना वाऱ्यानं कलंडलं आणि सर्वांदेखत कड्याखाली गेलं. काका कड्याच्या टोकापर्यंत धावले. ऋचा रडायला लागली. अधिकारी "बघू पुढे" म्हणून निघून गेले.

परतताना काकांनी गाडी थांबवून चक्क पेढे आणले. मी भडकलो. "अहो काका, विमान गेलं, आता नोकऱ्या जातील. पेढे कसले?"

"कुणी मेलं नाही, त्याचे."

काकांनी पुडा मांडीवर घेतला.

"थंडीत बोटं वळायची नाहीत," काका म्हणाले, "म्हणून लगाम मनगटाला गुंडाळायचो. सगळेच गुंडाळायचे. माझ्यापुढे दगडू होता. त्याच्या खेचराचा पाय कड्यावरून घसरला. लगाम सोडवायला वेळच मिळाला नाही त्याला." काकांनी पुड्याचा दोरा सोडला. "आज मी खाली वाकून आधी माणूसच शोधला. कुणी नव्हतं हो. नुसती वाळू."

मला त्यांच्याकडे बघवेना. ऋचानं डोळे पुसले, पुड्यातला पहिला पेढा उचलला आणि काकांना भरवला.